पान्ह्याचा हिशेब

आपल्याकडे गाय-म्हैस व्याली, की पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकाची घरात केवढी अपूर्वाई असते! आजूबाजूच्या चार घरी चिकाची तपेली जाते. पहिल्या दिवसाचा चीक किती घट्ट, त्यात साधं दूध किती मिसळायचं, गूळ घालायचा की साखर, जायफळ की वेलदोडा, यावर घरातल्या बायकांची प्रेमळ हुज्जत होते. शहरातल्या माणसाला खरवसाची वडी दिसली, की त्याचे पाय दुकानाशी थबकतात. अशा या चीकवेड्या समाजात बाळंतिणीच्या चिकाची मात्र पिढ्यान्‌पिढ्या काय गत होती? ‘पिवळं दूध बाळाला पचत नाही’, ‘नऊ महिने साचलेलं असतं’ असं म्हणून ते पिळून टाकलं जायचं. बाळाच्या जिभेला मधाचं बोट लागायचं, साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा तोंडात जायचा, आणि खरं दूध तिसऱ्या दिवसापासून. वासराच्या वाट्याचा चीक आपण मिटक्या मारीत खाल्ला आणि आपल्या बाळाच्या वाट्याचा मोरीत ओतला, असा हा उफराटा व्यवहार.

गंमत म्हणजे, जाणता शेतकरी वासराला आधी चीक पाजल्याशिवाय धारेला बसत नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळजवळ नसतात. ती सगळी चिकातून मिळतात. चीक न मिळालेलं वासरू बहुधा दगावतं, हे त्याला शास्त्र न शिकता ठाऊक असतं. माणसाच्या बाळाला काही प्रतिद्रव्यं वारेतून आधीच मिळालेली असतात. म्हणून चिकाशिवायही आपली बाळं जगली आणि चुकीची रीतही जगली. जी जगली नाहीत त्यांचा दोष सटवाईच्या माथी गेला.

मी डॉक्टर नाही. उभी नोकरी बँकेत केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे एखाद्या गोष्टीविषयी फार गोड बोललं जाऊ लागलं, की मला तिचं खातं उघडून बघावंसं वाटतं. १९९२ पासून दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. दवाखान्यांत पोस्टरं लागतात, ‘आईचं दूध म्हणजे अमृत’ अशी भाषणं होतात. अमृत म्हटलं, की हात जोडायचे आणि पुढं चालायचं, ही आपली रीत. पण हे दूध आभाळातून पडत नाही. ते एका दमलेल्या, टाके पडलेल्या, झोप अपुरी झालेल्या बाईच्या अंगातून येतं. त्यात काय आहे, त्यानं बाळाचं काय होतं, तिचं स्वतःचं काय होतं आणि त्यासाठी लागणारा वेळ तिला कोण देतं, हे चार रकाने मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

दुधात असतं तरी काय?

पहिल्या रकान्यापासून सुरुवात करू. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक मोजून काही चमचेच असतो. ‘एवढ्यानं काय होणार?’ म्हणून घरातली माणसं घाबरतात. पण त्या दिवशी बाळाची भूकही चमच्यांचीच असते. त्याचं पोट अजून लहान आणि नवखं असतं. चिकात प्रतिद्रव्यं ठासून भरलेली असतात. ती रक्तात जाण्यापेक्षा बाळाच्या आतड्याला आतून लेपासारखी बसतात आणि जंतूंना चिकटू देत नाहीत. बाळाची पहिली काळी शी बाहेर पडायलाही चीक मदत करतो. म्हणून तर ‘बाळाची पहिली लस’ असं त्याला म्हणतात.

नंतरच्या दुधात सुमारे ८७-८८ टक्के पाणी असतं. म्हणजे भर वैशाखात, विदर्भातल्या उन्हातसुद्धा, अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिने वेगळं पाणी लागत नाही. ‘घसा सुकला असेल गं त्याचा’ म्हणून पाजलेल्या चमचाभर पाण्याबरोबर जुलाब मात्र घरात येऊ शकतात. उरलेल्या भागात साखर सुमारे सात टक्के, स्निग्धांश चारच्या आसपास आणि प्रथिनं अवघी एक टक्का. गाईच्या दुधात प्रथिनं याच्या तिपटीहून अधिक असतात. वासराला महिन्या-दोन महिन्यांत अंगानं वाढायचं असतं. माणसाच्या बाळाला सावकाश वाढायचं असतं, त्याचा मेंदू आधी वाढायचा असतो. ज्याचं त्याचं दूध ज्याच्या त्याच्या कामाचं.

मला सर्वांत नवल वाटलं ते एका साखरेचं. आईच्या दुधात काही अशा शर्करा असतात, की ज्या बाळाला पचतच नाहीत. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल दुधातल्या घन भागात त्यांचाच क्रमांक लागतो, आणि त्यांचे शंभराहून अधिक प्रकार सापडलेले आहेत. बाळाला पचत नाही असा पदार्थ आईचं शरीर एवढ्या कष्टानं बनवतं कशासाठी? तर बाळाच्या आतड्यात वसणाऱ्या उपयोगी जंतूंसाठी. बाळाबरोबर त्याच्या पोटातल्या पाहुण्यांचाही स्वयंपाक त्या एका चुलीवर होतो.

शिवाय हे दूध रोज तेच नसतं. बाळ प्यायला लागतं तेव्हाचं दूध पातळ, तहान भागवणारं. शेवटाकडचं दाट, पोट भरणारं. म्हणून घड्याळ लावून ‘दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे’ करू नये; एका बाजूचं पुरतं पिऊ द्यावं, मग दुसरीकडे घ्यावं. घरात कोणाला खोकला-पडसं झालं, तर आईचं शरीर त्या जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं आणि ती दुधातून बाळाला पोचतात. आईला साधा ताप-सर्दी आली, की बाळाला अंगावरून तोडायची आपल्याकडची पद्धत म्हणूनच बरोबर नाही. चूळ भरून, हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून पाजावं.

दुसरा रकाना बाळाच्या लाभाचा. जुलाब, न्यूमोनिया, कानाचे विकार अंगावर पिणाऱ्या बाळांत कमी आढळतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१६ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. जवळपास सगळ्या बाळांना पुरेसं स्तनपान मिळालं, तर दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील, असा त्याचा अंदाज होता. एवढी माणसं राहणारं एक मोठं शहर दरवर्षी नकाशावरून पुसलं जातं, असं समजा.

बाळंतिणीच्या पदरात काय?

तिसरा रकाना आपण सहसा कोराच ठेवतो. दूध पाजणं म्हणजे आईनं देणं आणि बाळानं घेणं, एवढंच आपल्याला ठाऊक. प्रत्यक्षात देणारीच्या पदरातही बरंच पडतं.

बाळ जन्मल्याबरोबर छातीशी लावलं आणि त्यानं ओढायला सुरुवात केली, की आईच्या मेंदूतून ‘ऑक्सिटोसिन’ नावाचं संप्रेरक पाझरतं. त्यानं पान्हा फुटतोच, शिवाय गर्भाशय आकुंचन पावतं. पाजताना ओटीपोटात कळा येतात त्या यामुळेच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूंचं एक मोठं कारण आहे. बाळाचं ते पहिलं चोखणं हा रक्तस्राव आवरायला मदत करतं. आपल्याला वाटतं आई बाळाला वाचवते. त्या घटकेला बाळही आईला वाचवत असतं.

पुढचा लाभ दूरचा आहे. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र छाननी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात एकूण जितकी वर्षं बाई अंगावर पाजते, त्यातल्या प्रत्येक वर्षामागे तिचा स्तनांच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. बीजांडकोशाचा कर्करोग आणि मधुमेह यांचा धोकाही पाजणाऱ्या बायकांत कमी आढळतो. आज शहरांतून स्तनांचा कर्करोग वाढतो आहे, तेव्हा ‘पाजल्यानं फिगर बिघडते’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा शेजारी मांडून पाहावा.

जुन्या बायका म्हणत, ‘अंगावर पितंय तोवर पुन्हा दिवस जात नाहीत.’ ते अगदीच खोटं नव्हतं, पण त्याला अटी आहेत आणि त्या अटी न कळल्यानंच पाठोपाठच्या बाळंतपणांनी आपल्या आज्या खंगल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नको आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध हवं. या तिन्ही गोष्टी असतील, तर सुमारे ९८ टक्के खात्री असते. एकही अट मोडली, की दुसरा उपाय योजावा.

दूध बनवायला आईच्या शरीराला इंधन लागतं. पहिले सहा महिने तिला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त हवेत, असं आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं सांगितलं आहे. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा हे आपल्या बायकांनी त्याचं काढलेलं उत्तर. अळिवात लोह भरपूर असतं, हे त्यांनी कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता हेरलं होतं. पण त्याच घरात बाळंतिणीला पोटभर पाणी पिऊ देत नसत आणि ‘बाळाला बाधेल’ म्हणून पालेभाजी, वरण बंद करत. लाडू ठेवावेत, बंधनं सोडावीत.

‘दूध पुरत नाही गं!’

एवढं सगळं असूनही पाजणं सुटतं कशानं? बहुतेक वेळा एका वाक्यानं. बाळ रडलं, की घरातलं कोणी तरी म्हणतं, ‘याला दूध पुरत नाही वाटतं.’ बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण ते वाक्य ताज्या बाळंतिणीच्या काळजात सुरीसारखं जातं. मग वरचं दूध सुरू होतं. पोट भरल्यामुळे बाळ अंगावर कमी ओढतं. ओढलं कमी, की दूध कमी बनतं. आठ दिवसांनी तेच माणूस म्हणतं, ‘बघ, मी म्हणत होते ना!’

इथे अर्थशास्त्राचा सर्वांत जुना नियम आहे: मागणी तसा पुरवठा. स्तन म्हणजे साठवणीची टाकी नव्हे. जितकं रिकामं होईल तितकं भरणारा तो झरा आहे. म्हणूनच ‘भरू दे, मग पाजीन’ हे धोरण उलटं पडतं. रात्रीचं पाजणं तर चुकवूच नये, कारण दूध बनवणारं ‘प्रोलॅक्टिन’ हे संप्रेरक रात्री अधिक पाझरतं. स्तनांच्या आकाराचा दुधाशी संबंध नाही. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र न देता भोवतालचा काळसर भागही बराचसा गेला पाहिजे, नाही तर चिरा पडतात, आई कळवळते आणि बाळ उपाशी राहतं. हे पाहायला जवळ कोणी अनुभवी बाई किंवा परिचारिका असली, तर निम्म्या तक्रारी दोन दिवसांत मिटतात.

दूध पुरतं आहे की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. बाळ गरम होतं म्हणून रडतं, ओलं झालं म्हणून रडतं, कडेवर घ्या म्हणूनही रडतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला होतो का, पहिल्या आठवड्यात थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून येतं का, एवढं पाहावं. लंगोट आणि तराजू खोटं बोलत नाहीत. त्या दोघांनी धोक्याची खूण दिली, तर मात्र घरगुती सल्ले बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठावेत.

डब्यावरचं बाळ कुठे गेलं?

या शंकेवर जगात एक भलामोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडे त्याची सुरुवात तर अभिमानाची होती. म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी भुकटी करण्याची पद्धत म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं शोधून काढली आणि आणंदच्या सहकारी संघानं तिचा डबा बाजारात आणला. ज्या बाळांना आईच नाही, त्यांच्यासाठी तो आधारच होता. पण डबा आधाराच्या जागी थांबला नाही. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा, दवाखान्यात फुकट वाटलेले नमुने, डब्यावरचं ते गोबऱ्या गालांचं हसरं बाळ. हे बघून मध्यमवर्गीय घरांत डबा म्हणजे सुधारणेची खूण झाला. गरिबाघरी तो आला तेव्हा महिनाभराचा डबा दोन महिने पुरवावा लागला. पाणी विहिरीचं, बाटली न उकळलेली, भुकटी निम्मी. बाळ सुकत जायचं आणि आईचं दूध तोवर आटलेलं असायचं.

१९७४ मध्ये ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेनं यावर ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. १९७७ मध्ये अमेरिकेत एका बड्या कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत या मालाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मताला आली, तेव्हा ११८ देश बाजूनं होते आणि विरोधात एकटी अमेरिका. भारतानं पुढं १९९२ मध्ये स्वतःचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठीची भुकटी, अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने द्यायचे नाहीत, डॉक्टर-परिचारिकांना भेटी द्यायच्या नाहीत. डब्यावर बाळाचं वा आईचं चित्र छापायचं नाही आणि आईचं दूधच सर्वोत्तम ही सूचना ठळक छापायची. आजच्या तरुण आयांना डब्यावर बाळ का नाही, असा प्रश्नही पडत नाही. एका कायद्यानं ते हसरं बाळ तिथून उचललं, हे त्यांना सांगायला हवं.

एक पेढी, व्याजाविना

आता माझ्या धंद्यातला शब्द. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मातृदुधाची पेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. नवजात बालकांच्या विभागातल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली. अपुऱ्या दिवसांच्या, मुठीएवढ्या बाळांना वरच्या दुधाऐवजी आईचं दूध दिलं, तर जंतुसंसर्ग कमी होतात, हे त्यांनी आपल्याच विभागात पाहिलं होतं. पण अशा बाळाच्या आईला कधी दूध उतरलेलं नसतं, कधी ती स्वतः अत्यवस्थ असते. मग शेजारच्या खाटेवरच्या, उतू जाणाऱ्या आईचं दूध का घेऊ नये?

कल्पना आपल्याला नवी नाहीच. संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ इतिहासात आहे आणि ‘दूधभाऊ’ हा शब्द आपल्या भाषेत आहे. पेढीनं त्या रीतीला शास्त्राची शिस्त लावली. देणाऱ्या आईची संमती घ्यायची, एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तिच्या रक्ताची तपासणी करायची, दूध ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवायचं, त्यात जंतू नाहीत ना याची परीक्षा करायची आणि उणे २० अंशांत गोठवून ठेवायचं. तारण नाही, व्याज नाही, वसुली नाही. ठेवीदार आणि कर्जदार एकमेकांना ओळखतही नाहीत. जगभरच्या अशा पेढ्यांत स्वतःचं बाळ गमावलेल्या आयाही कधी कधी दूध देऊन जातात. तीसेक वर्षं मी ठेवींचे हिशेब पाहिले. या ठेवीला कुठल्या शीर्षाखाली लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

वेळ कोणी द्यायचा?

आता चौथा, सर्वांत अवघड रकाना: वेळ. माझा मुलगा १९८८ चा. रजा तीन महिन्यांची होती. चौथ्या महिन्यात मी पुन्हा कॅश काउंटरवर बसले. साडेअकराच्या सुमाराला छाती दगडासारखी व्हायची. रांगेतल्या एखाद्या बाईचं मूल रडलं, की माझ्या ब्लाउजवर ओल उमटायची आणि मी पदर ओढून नोटा मोजत राहायची. शाखेत बायकांसाठी वेगळी खोली नव्हती. जुन्या लेजरांची एक अंधारी खोली होती, तिला आतून कडी नव्हती. झाडलोट करणाऱ्या मावशींनी एक दिवस माझा चेहरा ओळखला. “बाई, अडवून धरू नका. गाठी होतील, ताप भरंल. जावा तुम्ही, मी दारात हुबी हाय.” पुढचे तीन महिने त्या रोज दोनदा केरसुणी घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. आत, १९६२ सालच्या बचत खात्यांच्या लेजरांसमोर, मी दूध वाटीत पिळायची आणि बेसिनमध्ये ओतायची. शाखेत फ्रिज कुठला असायला!

सकाळी निघताना काढून ठेवलेलं दूध सासूबाई वाटी-चमच्यानं पाजत. काढलेलं दूध झाकून, थंड जागी चारेक तास चांगलं राहतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये ठेवलं, तर दिवसभराची चिंता नाही. हे आम्हांला परिसरातल्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेनं सांगितलं होतं. बाटलीला घरात थारा नव्हता. सासूबाई म्हणायच्या, “वाटी धुतली की दिसते, बाटली धुतली की नुसतं वाटतं.”

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दूध पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्यांची तरतूद होती. कागदावर सुरेख. पण घर बावीस किलोमीटरवर, मध्ये लोकल. त्या सुट्टीत मी पाजायचं कोणाला? पाळणाघराशिवाय ही तरतूद म्हणजे वटणार नाही असा चेक. २०१७ मध्ये कायदा बदलला, पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसं जिथं काम करतात, तिथं पाळणाघर आलं. याच तरतुदी पुढं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ स्तनपान सांगते, तेवढेच. कायद्यानं पहिल्यांदाच बाळाचं कॅलेंडर पाहिलं.

पण हे कोणासाठी? त्याच मावशींना मी एकदा विचारलं, “तुमच्या पोरांच्या वेळी काय केलंत?” त्या सहज म्हणाल्या, “सव्वा महिना झाला, की कामावर. थोरली आठ वर्षांची होती, ती सांभाळायची. दुपारी घरी गेले, की पाजायचं.” पगाराच्या रजिस्टरात माझं नाव होतं, त्यांचे पैसे किरकोळ खर्चाच्या व्हाउचरवर निघत. व्हाउचरला बाळंतपणाची रजा नसते. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या, दिवाळीच्या सुमाराला बीडकडून साखर कारखान्यांच्या फडात उतरणाऱ्या बायका सगळ्या याच व्हाउचरवर. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एका दिवसाचा खाडा झाला, तर उचलीतून पैसे कापले जातात. तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत आणि आई हाकेच्या अंतरावर असूनही त्याच्यापासून लांब. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाच्या आईला पाच हजार रुपये मिळतात. सहा महिन्यांनी भागून पाहा. दिवसाला अठ्ठावीस रुपयेही पडत नाहीत. एवढ्यावर कुठली मजूर बाई घरी बसून पाजील?

दोष कोणाचा?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली. पण जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत निव्वळ आईच्या दुधावर असलेली ६३.७ टक्के. तेव्हा आता मधाचं बोट लावणाऱ्या आजीला एकटीला बोल लावून चालणार नाही. बाळ धुऊन-पुसून, वजन करून, नातेवाइकांना दाखवून आईकडे येईस्तोवर पहिला तास दवाखान्यातच निघून जातो. पाचातलं एक बाळंतपण शस्त्रक्रियेनं होतं; पण आई शुद्धीवर असली, कोणी बाळ धरून ठेवलं, तर तिलाही पाजता येतं. गरज असते ती आणखी एका जोडी हातांची आणि थोड्या धीराची.

आणि ज्यांना खरोखरच जमत नाही, त्यांचं काय? काही आजारांत, कर्करोगावरच्या काही औषधांत पाजता येत नाही. दुग्धशर्करा न पचण्याचा एक दुर्मीळ जन्मजात विकार असलेल्या बाळाला कुठलंच दूध चालत नाही. एचआयव्ही असलेली आई मात्र औषधं नियमित घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्यानं पाजू शकते. काही जणींना सगळे उपाय करूनही दूध पुरेसं उतरत नाही. अशा बाईला अमृताची व्याख्यानं देऊ नयेत. तिच्यासाठी डबा हे औषध आहे. ते डॉक्टरांना विचारून, मापात, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्यानं द्यावं आणि तिला ताठ मानेनं देऊ द्यावं. मूल मांडीवर घेऊन, डोळ्यांत पाहून जे भरवलं जातं, ते अंगी लागतंच.

बाकीच्यांसाठी करण्यासारखं थोडंच आहे, पण ते बाळंतिणीनं एकटीनं करायचं नाही. नवऱ्यानं रात्री उठून बाळ आणून द्यावं, ढेकर काढावी, लंगोट बदलावा. सासू-आईनं ‘पुरत नाही’ हे वाक्य गिळावं. कचेरीनं कडी असलेली एक खोली आणि एक छोटा फ्रिज द्यावा. एका पार्टीच्या खर्चात होईल. आणि जिच्या नावावर रजा नाही, अशी बाई आपल्याच घरी भांडी घासायला येत असेल, तर तिला सहा महिने अर्ध्या वेळात पूर्ण पगार देऊन बघावा.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळेच लहानपणी ऐकतो. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधून कडा बंद केला. आज तिच्या नावानं एस.टी. स्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष आहेत, हे चांगलंच झालं. काही ठिकाणी त्यांना कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे, ते सापडत नाही. गोष्ट सांगताना आपण नेहमी तिच्या धाडसाशी थांबतो. त्या संध्याकाळी तिला बुरूज नको होता. दरवाजा थोडा वेळ उघडा हवा होता.